बासची पेटी आणि पत्र्यावरची थाप

जीप घेण्याआधी माझा धाकटा भाऊ नव्वदच्या दशकातली बरीच वर्षं खडी क्रशरवर कामाला होता. यंत्राच्या जबड्यात दगड सोडायचे आणि खाली पट्ट्यावरून खडी नीट उतरते की नाही हे बघायचं, असं काम. कानात कापूस घालायचा तो धूळ जाऊ नये म्हणून. आवाजासाठी कानाला काही लावतात हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी कोणी लावलं नसतं. संध्याकाळी घरी आला की तो मोठ्याने बोलायचा. आम्ही समजायचो, दिवसभर ओरडून बोलायची सवय लागली असेल.

मग त्याने जुनी काळी-पिवळी जीप घेतली आणि नारायणगाव ते खोडद अशा फेऱ्या सुरू केल्या. बाजाराच्या दिवशी पुढे निमगाव साव्यापर्यंत. मागे समोरासमोर दोन लांब बाकं, मधे पिशव्या, टोपल्या, कधी एखादी शेळी. पुढे ड्रायव्हरच्या डाव्या हाताला तिघं आणि उजव्या हाताला, अर्ध्या मांडीवर, आणखी एक. त्या काळात सगळ्याच जीप अशा चालायच्या.

या जीपना घंटी नसते. मागच्या दाराशी बसलेला माणूस बाहेरून पत्र्यावर हात मारतो. एक थाप म्हणजे थांबा. उतरणारा उतरला, पिशवी घेतली, दार लागलं, की दोन थापा. दोन थापा म्हणजे सोडा. एसटीच्या घंटीवरून आलेली ही पद्धत. दाराशी बसेल त्याने ती आपोआप पाळायची, कोणी कोणाला शिकवत नाही. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही, कारण मागे माणसांशिवाय काही दिसत नाही. तो थापेवर गाडी चालवतो.

दोन हजार साल उलटल्यावर जीपमध्ये टेप आले, आणि टेपच्या मागोमाग बास, म्हणजे गाण्यातला खालचा दणका, आला. स्टँडवर चार गाड्या उभ्या असल्या तर ज्या गाडीचा पत्रा थरथरतोय ती आधी भरायची. भाऊ एक दिवस पुण्याहून दहा इंची स्पीकर आणि त्याचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आला. सोबत तयार पेटीही आणली होती, पण ती मोटारीच्या डिकीसाठी केलेली. बाकाखाली जाईना, आणि बाहेर ठेवून वाजवली तर नुसती घुमायची.

"दादा, तू पेटी काढून दे," तो म्हणाला. "तुझ्याकडं आकडे हायेत. मला नुसता दणका पायजे. इथं," असं म्हणून त्याने छातीवर हात ठेवला.

मी पाटबंधारे खात्यात पाण्याच्या मोजणीवर होतो. चारीतून किती पाणी चाललंय हे काढायचं तर चारीचा छेद मोजायचा, पाण्याचा वेग मोजायचा आणि गुणाकार करायचा. तेवढंच मला येत होतं. पण स्पीकरच्या खोक्यात एक इंग्रजी कागद निघाला, त्यात सूत्र होतं, आणि सूत्र दिसलं की मला राहवत नाही.

त्या कागदावरून मला जे समजलं ते असं. पेटी सगळीकडून बंद असली तर स्पीकरच्या मागची हवा फुकट जाते. पेटीला एक पाइप बसवला तर ती हवाही कामाला लागते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एका ठरावीक सुरात वाजते. पेटीचंही तसंच. आत हवा किती आणि पाइप किती रुंद, किती लांब, यावर तो सूर ठरतो. कागदात सेकंदाला पस्तीस कंपनांचा सूर धरायला सांगितलं होतं. तो कानाला कमी आणि अंगाला जास्त कळतो.

बाकाखाली जागा मोजली. बाहेरून चोवीस इंच लांब, तेरा उंच, तेरा खोल, एवढी पेटी बसत होती. प्लायवूड पाऊण इंची. दोन्हीकडची जाडी वजा करून आत साडेबावीस, साडेअकरा, साडेअकरा. म्हणजे पावणेएकोणपन्नास लिटर. स्पीकरचं चुंबक आणि कोपऱ्यांतल्या पट्ट्या यांची जागा वजा केली तर पंचेचाळीस. पाइप आमच्या मळ्यात पडलेला होताच, तीन इंची, पाण्याच्या लाइनीचा उरलेला तुकडा. त्याची लांबी सोळा सेंटिमीटर आली.

सुताराने एकच प्रश्न विचारला. "हे आतलं माप का बाह्येरचं?" बाहेरचं, म्हटल्यावर त्याने पेटी बरोबर केली. सांध्यांत सरस आणि भुसा भरला. स्पीकरचं भोक पाडून दिलं.

टेपने मोजून माझं समाधान झालं नाही. कोपरे आतून कसे बसलेत कोण जाणे. म्हणून मी पेटी धान्याने भरून मोजायची ठरवली. घरातली धान्य मापायची जुनी अधोली घेतली. आधी तिच्यात पाणी भरून पाहिलं, दोन लिटरला थोडंसं कमी, एक पूर्णांक नऊ धरलं. पेटी पाठीवर आडवी ठेवली, स्पीकरचं भोक वर. माझी बायको बाजरी टाकायला बसली. पहिल्या मापाला ती एक म्हणाली नाही, लाभ म्हणाली, आणि मग दोन, तीन, चार.

बाविसाव्या मापाला पेटी भरली. बावीस गुणिले एक पूर्णांक नऊ म्हणजे बेचाळीसलाही जरा कमी. टेप म्हणत होता पावणेएकोणपन्नास. सात लिटरचा फरक! मी सुताराला बोलावून घेतलं. तो टेप लावून लावून थकला.

"साहेब, तुमची बाजरी खोटं बोलतीय," तो म्हणाला.

"पुन्हा मोजू," मी म्हटलं, आणि या वेळी बायकोच्या हाताकडे बघत राहिलो. प्रत्येक मापावर ती शीग लावत होती, दाणे ओघळायला लागेपर्यंत.

"अगं, सपाट मोज ना. काठाबरोबर."

"सपाट?" ती म्हणाली. "सपाट माप दुकानदार घालतो. आपल्याच घरात, आपल्याच पेटीत कोण सपाट घालतं? पेटीला काय वाटंल?"

सुतार हसून बाजूला झाला. मग मी स्वतः बसलो आणि पट्टी फिरवून मापं टाकली. पंचवीस आणि वर अर्ध्याहून जास्त. टेप बरोबर होता. भाऊ ओट्यावर बसून हे सगळं बघत होता आणि आम्ही हसलो की हसत होता. कशावर हसलो हे त्याने विचारलं नाही. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

पेटी रंगवली, पाइप बसवला, आणि बॅटरीवर जोडून अंगणात वाजवली. पहिलं गाणं नीट गेलं. दुसऱ्यात बास खोल उतरायला लागला तशी पाइपाच्या तोंडातून फुसफुस सुरू झाली. म्हैस नाकातून वारं सोडते तशी. प्रत्येक ठोक्याबरोबर एक फुस्स. मला कारण लगेच कळलं, कारण ते माझ्या रोजच्या कामातलं होतं. चारीचं तोंड अरुंद ठेवलं आणि तेवढंच पाणी सोडलं तर पाणी वेगाने जातं आणि आवाज करतं. हवेचंही तेच. पाइप रुंद करायला हवा होता.

"फुसफुसतंय," मी म्हटलं.

"काय?"

"पाइप. हवा फुसफुसतीय."

भावाने पेटीवर हात ठेवला होता. त्याने हात तसाच ठेवून मान हलवली. "कुठं? लई भारी वाजतंय की."

माझी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते फुस्स फुस्स काय लावलंय? साप आलाय का अंगणात?"

भावाने तिच्याकडे बघितलं नाही. मी त्याला पाइपाच्या तोंडाशी कान न्यायला सांगितलं. तो वाकला, कान लावला, आणि माझ्याकडे बघून हसला. "वारा लागतोय," म्हणाला. "आवाज न्हाई."

मी गाणं बंद केलं. खिशातून किल्ल्या काढल्या आणि त्याच्या पाठीमागे जाऊन वाजवल्या. तो पेटीवरची धूळ पुसत राहिला. मी आणखी जवळ गेलो, त्याच्या मानेपासून हातभर अंतरावर वाजवल्या. तो पुसतच राहिला. मग मी पाय आपटला. त्याबरोबर तो वळला.

"तुला ऐकू येत नाही," मी म्हटलं, त्याच्यासमोर उभा राहून.

"येतंय की. आत्ता तू बोलला ते आलंच ना?"

"मी समोर आहे म्हणून. मागून किल्ल्या वाजवल्या दोनदा."

त्याची बायको दाराशी येऊन उभी होती. ती म्हणाली, "दादा, मी कधीची सांगतीय. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत न्हाईत यांना. लेक हाका मारून मारून रडती. म्हणत्यात, लक्ष नव्हतं."

"तू गप," भाऊ म्हणाला. मग मला म्हणाला, "क्रशरवर दगड ऐकले राव इतकी वर्षं. थोडं कमी येत असंल. त्यानं काय होतंय?"

"गाडी कशी चालवतोस? मागून हॉर्न दिला तर?"

"आरशात दिसतं."

"आणि थाप?"

यावर तो जरा खुलला. त्याला जे साधलं होतं ते सांगायला मिळालं म्हणून असेल. "थाप ऐकायची नसती दादा. थाप पाठीत कळती. सीटला पाठ टेकून बसायचं. पत्र्यावर हात पडला की इथं धप्प होतं." त्याने पाठीमागे हात नेऊन जागा दाखवली. "एक का दोन, कधी चुकलो न्हाई."

आता मला कळलं की त्याला बास का हवा होता. स्टँडवरची गर्दी हे खरंच होतं, पण गाण्यातलं बाकीचं सगळं त्याच्यापुरतं संपत आलं होतं. सनई, टाळ, बाईचा आवाज, शब्द. बास तेवढा पोचत होता. मी दोन गोष्टी सांगितल्या. कान तपासून घ्यायचे, मंचरला कानाचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, त्यांच्याकडे. आणि तोपर्यंत पेटी जीपमध्ये बसवायची नाही, कारण बाकाखालून पत्रा थरथरला की थाप पाठीत कळणार नाही.

पहिली गोष्ट त्याने मान्य केली. दुसरी नाही. यात्रांचे दिवस होते, गाड्या भरून चालल्या होत्या. "कळतीय का न्हाई ते बघू ना," तो म्हणाला. "तू मोजणारा माणूस. मोज."

म्हणून आम्ही मोजलं. मी आधी पाइप बदलला. चार इंची घेतला. रुंदी वाढवली की तोच सूर ठेवण्यासाठी लांबीही वाढवावी लागते, शिवाय मोठा पाइप पेटीतलीच जागा खातो. ते सगळं पुन्हा काढल्यावर लांबी बेचाळीस सेंटिमीटर आली. पेटीत कशीबशी बसली. फुसफुस गेली. मग पेटी बाकाखाली बसवली, भावाला पुढे सीटवर बसवलं, गाणं लावलं आणि मी मागे उभा राहून पत्र्यावर थापा मारू लागलो. थाप कळली की त्याने हात वर करायचा. आवाज थोडा थोडा वाढवत गेलो. एका मर्यादेनंतर थापा हरवायला लागल्या. त्या मर्यादेच्या बऱ्याच खाली मी आवाजाच्या बटणाशी पेन्सिलने रेघ मारली. रेघेपर्यंत त्याने एकही थाप चुकवली नाही. मी उलटसुलट मारल्या, हळू मारल्या, लांबून मारल्या. प्रत्येक वेळी हात वर गेला.

"झालं ना समाधान?" तो म्हणाला.

माझं समाधान झालं होतं. मी एवढंच तपासलं होतं की मारलेली थाप हरवते का. न मारलेली थाप लागते का, हे तपासायचं डोक्यात आलं नाही. त्याच्याही आलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. सुट्टी होती आणि मनात थोडी धाकधूक होती. मागच्या बाकावर, दाराजवळ बसलो. रेघ पाळलेली होती. गाडी नारायणगावातच भरली. खोडदच्या अलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या ताटल्या दिसायला लागल्या तोपर्यंत तीन-चार ठिकाणी लोक उतरले, पुढे बसलेले सगळेच. थाप पडली की गाडी थांबत होती, दोन थापांवर सुटत होती. मी मनात म्हटलं, ठीक आहे.

खोडद सोडून निमगाव साव्याच्या वाटेवर एक वस्ती लागते. तिथले एक म्हातारबाबा दर बाजाराला भावाच्याच गाडीने जायचे-यायचे. पायांनी अधू होते. भाऊ त्यांच्यासाठी थापेची वाट बघायचा नाही, वस्तीच्या वाटेशी स्वतःच गाडी उभी करायचा. त्या दिवशीही त्याने ती आपणहून उभी केली. बाबांनी पिशवी खाली टाकली, दाराचा दांडा धरला आणि पाठमोरे उतरायला लागले. एक पाय पायरीवर, एक जमिनीकडे. मी त्यांच्या दंडाला हात दिला होता.

तेवढ्यात गाण्यात सगळी वाद्यं थांबली. तशी मधे थांबतात. आणि त्या शांततेत बासचे दोन ठोके आले. धप. धप.

माझ्या डोळ्यांसमोर कोणाचा हात पत्र्याला लागला नव्हता. गाडी सुटली. बाबांचा दंड माझ्या हातातून गेला. ते कमरेवर पडले आणि पडल्याचा आवाज मी ऐकला. गाडीतले सगळे एकदम ओरडले, "ओ ड्रायव्हर! थांबीव! माणूस पडला!" आणि सगळे पत्रा बडवायला लागले. एक थाप थांबायची, दोन थापा सोडायच्या. दहा हात एकदम बडवायला लागले तर त्याचा अर्थ काय घ्यायचा हे ठरलेलं नव्हतं. गाडीने वेग घेतला. शेवटी मी पिशव्या तुडवत पुढे गेलो आणि त्याचा खांदा धरला. तो दचकला, त्याने गाडी थांबवली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागला.

आम्ही मागे पळत गेलो. बाबा रस्त्याच्या कडेला पडले होते, एक पाय वेगळाच वळलेला. वस्तीवरून माणसं आली. त्यांच्या थोरल्या मुलाने भावाची कॉलर धरली.

"एवढी माणसं बोंबलतायत आन् तू गाडी दामटतोस? प्यायलाय का?"

भाऊ त्याच्या ओठांकडे बघत होता. मग म्हणाला, "घेतली व्हती थोडी."

माझा भाऊ दारूला कधी शिवला नव्हता. मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी ते मिटलं. मुलाने त्याला दोन थोबाडीत मारल्या, त्या त्याने खाल्ल्या. मग त्याच गाडीत बाबांना घालून आम्ही दवाखान्यात नेलं. गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवली. खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्याचं सगळं आम्ही केलं. घरच्यांनी पोलिसांत दिलं नाही. ओळखीचा माणूस, पहिलाच प्रसंग, असं म्हणून सोडलं.

घरी आल्यावर त्याची बायको त्याच्यासमोर उभी राहिली, कारण आता सगळ्यांनाच समोर उभं राहायचं कळलं होतं.

"दारू प्यायलो म्हणून सांगितलंत? सगळ्या गावात?"

"हो."

"माझ्या माहेरी कळंल. दारुड्याची बायको म्हणतील मला. पोरीला म्हणतील."

"म्हणू दे. दारुडा उद्या गाडी चालवतो, कोण इचारत न्हाई. भैऱ्याच्या गाडीत कोण बसंल? सांग की. तू बसशील?"

ती आत निघून गेली. मी म्हटलं, कान तपासल्याशिवाय जीप हलणार नाही. तो नाही म्हणाला नाही, पण हो म्हणताना त्याने खाली बघितलं.

मंचरच्या दवाखान्यात भिंतींना फोम लावलेली छोटी खोली होती. त्याला आत बसवून कानाला यंत्र लावलं आणि एकेक सूर ऐकवला. ऐकू आला की बटण दाबायचं. मी काचेबाहेर होतो. सुरुवातीच्या खालच्या सुरांना त्याने पटापट बटण दाबलं. मग सूर वर चढत गेले आणि तो नुसता बसून राहिला, बटणावर अंगठा ठेवून, वाट बघत. त्याला वाटत होतं अजून सुरू व्हायचंय. डॉक्टरांच्या यंत्रावर सूर वाजत होते.

डॉक्टरांनी आलेख दाखवला. खालच्या कंपनांशी रेघ बरीचशी सरळ, आणि हजाराच्या पुढे ती कडा तुटल्यासारखी खाली गेलेली. बोलण्यातले स, श, त, फ वरच्या भागात असतात, ते जवळजवळ संपले होते. कुकरची शिट्टी संपली होती. दोन्ही कान सारखेच. मी विचारलं, हे परत येईल का. डॉक्टर म्हणाले, नाही. यंत्र लावलं तर समोरच्या बोलण्याला थोडी मदत होईल, पण गेलेलं येणार नाही, आणि गोंगाटात राहिला तर उरलेलंही जाईल.

"काय म्हणतायत?" भावाने मला विचारलं.

मी त्याला सगळं सांगितलं, जसं सांगितलं गेलं तसं, क्रमाने. तो आलेखाकडे बघत होता. रेघ जिथे सरळ होती तिथे त्याने बोट ठेवलं.

"हा बास का?"

"हो."

"तेवढाच ऱ्हायला म्हण की."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाबांच्या घरी जाऊन खरं सांगू." तो चालत राहिला. मला वाटलं ऐकलं नसेल, म्हणून पुन्हा समोर जाऊन म्हणणार होतो. तर तो म्हणाला, "कळलं मला. खरं सांगितलं की गाडी संपली दादा. वस्तीवर सांगितलं की नारायणगावच्या स्टँडवर पोचतंय ते."

"हो."

"दुसरं काय करू मी?"

आकडे काढून देण्यासारखं ते नव्हतं. मी म्हटलं, "ते नंतर बघू. पण गाडी चालू राहिली तर उद्या कोणीतरी पुन्हा असंच उतरत असेल."

ते ऐकून त्याने बसस्टँडची वाट धरली. मी त्याच्या मागून गेलो. एसटीने आलो होतो, एसटीनेच वस्तीकडे गेलो.

बाबा पडवीत खाटेवर होते. पायाला वजन बांधलेलं. थोरला मुलगा आम्हाला बघून उठून आत गेला. भाऊ खाटेसमोर खाली बसला आणि म्हणाला, "बाबा, मी दारू प्यायलो नव्हतो. मला ऐकू येत न्हाई." हे त्याने इतक्या मोठ्याने म्हटलं की आतल्या बायका दारात आल्या. आपला आवाज केवढा आहे हे त्याला कळत नव्हतं. मग त्याने बास, दोन ठोके, पाठीला लागलेली थाप, सगळं सांगितलं. मुलगा आतून बाहेर येऊन चौकटीला टेकून ऐकत राहिला.

बाबांनी ऐकून घेतलं. दुखण्याने त्यांचा आवाज बारीक झाला होता. ते छताकडे बघत काहीतरी बोलले.

भावाने माझ्याकडे वळून विचारलं, "काय म्हणले?"

मी त्याच्यासमोर बसलो आणि ते म्हणाले होते तेच म्हटलं. "ते म्हणाले, प्यायला असतास तर बरं झालं असतं पोरा. दारू सुटती."

त्याने मान हलवली. चहा आला, तो आम्ही घेतला. मुलगा एवढंच म्हणाला, "गाडी हाय कुठं आता?" भाऊ त्याच्या तोंडाकडे बघत होता, त्याला तेवढं कळलं. "घरी उभी हाय," तो म्हणाला. "मी न्हाई काढणार." बाबा पुढचं वर्ष-सव्वा वर्ष खाटेवरच होते. मग गेले. त्यांच्या मयतीला आम्ही दोघंही गेलो होतो.

त्या दिवशी वस्तीवरून निघून आम्ही फाट्यावर येऊन बसलो. परतीची एसटी कधी येईल याचा भरवसा नसतो. रस्ता तिथे वळण घेतो, गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. एक काळी-पिवळी आली, भावाच्या ओळखीच्या ड्रायव्हरची. त्याने थांबवून विचारलं, "काय पावणं, आज पायी?" भावाने हात हलवून त्याला जा म्हटलं. गाडी गेल्यावर तो माझ्याकडे वळला.

"बस आली की सांग," तो म्हणाला.

थोड्या वेळाने वळणापलीकडे इंजिनाचा आवाज आला. बस दिसत नव्हती. मी उठलो. मला उठताना बघून तो उठला.